कॉलेजात 'स्वतंत्र' थिंक टँकची कार्यशाळा: संस्था तपासायची कशी?

तासिका_मास्तर

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. मानधन कधी येईल ते वरच्यालाच ठाऊक, पण राज्यशास्त्र अभ्यास मंडळ, भित्तिपत्रक आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली मात्र माझ्याच गळ्यात.

तर झालं असं. दिल्लीत नोंदणी आणि पुण्यात शाखा असलेल्या एका थिंक टँकचा, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा, मेल आला. दोन दिवसांची 'युवा धोरण कार्यशाळा', विषय एक देश एक निवडणूक, म्हणजे लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र. वक्ते त्यांचे, जेवण त्यांचं, प्रमाणपत्रं त्यांची, बॅनरसुद्धा तेच छापून आणणार. आम्ही फक्त सेमिनार हॉल आणि ८० मुलं द्यायची.

प्राचार्य एका पायावर तयार. फोटोसकट अहवालात जाईल म्हणाले. अट एकच, "राजकारण नको." एक देश एक निवडणूक या विषयावर, आणि राजकारण नको! मी आपली मान डोलावली.

संस्थेच्या साइटवर 'स्वतंत्र, पक्षनिरपेक्ष, ना-नफा' असं ठळक अक्षरात लिहिलंय. सल्लागार मंडळात निवृत्त सनदी अधिकारी, एक माजी कुलगुरू, एक उद्योजक. पैसा कुठून येतो यावर एक ओळ नाही. मुलांना वाटायला पाठवलेली पुस्तिका २४ पानांची. त्यात विरोधी मुद्द्यांना अर्धं पान, तेही 'काही गैरसमज' या मथळ्याखाली.

द्वितीय वर्षाच्या एका मुलीने ती चाळली आणि विचारलं, "सर, ही संस्था कुणाची?" मी म्हटलं, शोधतो. स्टाफरूममध्ये विषय काढला तर एक सहकारी छातीठोकपणे म्हणाले, "त्यांचीच." दुसरे तितक्याच छातीठोकपणे म्हणाले, "छे, तिकडची." दोघांचे 'ते' वेगवेगळे होते आणि पुरावा दोघांकडेही नव्हता.

संस्था खरंच स्वतंत्र आहे का, हे माझ्यासारख्याने कसं तपासायचं? आणि नसेल तर बोलवायचंच नाही का? आमच्या मुलांना दिल्ली-पुण्याचं माणूस एरवी भेटत नाही. फुकटात दारात आलेला वक्ता परत पाठवणं जिवावर येतं, हेही खरं.

मोर्चेकरी

मास्तर, तुमच्या कॉलेजात विद्यार्थी निवडणूक होते का? नाही ना? मग दुखणं तिथं आहे.

आमच्या वेळी गेटवर दोन पॅनल समोरासमोर उभी असायची. घोषणा व्हायच्या, कधी डोकीही फुटायची, खोटं कशाला बोलू. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनच झाला. मग १९९४ चा विद्यापीठ कायदा आला, थेट निवडणुका गेल्या आणि मार्कांवर नेमणुका सुरू झाल्या. पहिला आलेला पोरगा वर्ग प्रतिनिधी. हुशार असतो बिचारा, पण त्याला कुणी मत दिलेलं नसतं, त्यामुळे त्याला जाब विचारायलाही कुणी जात नाही. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या त्या कागदावर. २०१९ ला वेळापत्रक निघालं, विधानसभा तोंडावर आली, बाड गुंडाळलं.

त्या रिकाम्या जागेत ही कार्यशाळावाली मंडळी शिरली. पूर्वी संघटनेचा पोरगा पत्रक हातात द्यायचा, वर झेंडा, खाली नाव. पटलं नाही तर त्याच्यासमोर फाडता यायचं आणि तोही चार शब्द सुनवायचा. आता पत्रकाला पुस्तिका म्हणायचं, झेंडा काढायचा आणि 'सेंटर फॉर' अमुकतमुक लावायचं. वर जेवणात गुलाबजाम.

माझं मत विचाराल तर गेटवरूनच परत पाठवा.

निवृत्त_खडू

परत अजिबात पाठवू नका. मोर्चेकरींचा राग समजतो, निवडणुकांबद्दल ते म्हणतात ते बरोबरच आहे. पण गेटवर अडवायचं ठरलं की उद्या प्राचार्य दोन्हीकडच्यांना अडवतील आणि वर पुन्हा तुमचेच दाखले देतील.

मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तीन-चार विचारांच्या संस्थांच्या सतरंज्यांवर बसले आणि सगळीकडचा चहा प्यायले. त्यावरून सांगते, 'स्वतंत्र आहे का' याच्या मागे फार लागू नका. पैसा कुणीतरी दिलेलाच असतो आणि देणाऱ्याला काही ना काही वाटतच असतं.

तुम्ही साताऱ्याकडचे, म्हणून साताऱ्याचंच उदाहरण. तिथल्या रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला देणगी दिली आणि तीतून १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. छत्र नेमस्तांचं, म्हणजे मवाळांचं, नावही नेमस्तांच्या पुढाऱ्याचं. संचालक धनंजयराव गाडगीळ. आज आपण जिला थिंक टँक म्हणू ती हीच, फक्त तेव्हा कुणी असं म्हणत नव्हतं. आता या संस्थेने २९ जानेवारी १९३९ रोजी काळे स्मृती व्याख्यानाला कुणाला बोलवावं? डॉ. आंबेडकरांना. ब्रिटिशांच्या १९३५ च्या कायद्यातली संघराज्याची योजना त्यांनी कलमागून कलम सोलून काढली. संस्थानिकांनी नेमलेली माणसं केंद्रीय कायदेमंडळात बसवायची आणि त्याला जबाबदार राज्यपद्धती म्हणायचं, हे कसं, असा रोख. ज्या नेमस्तांना ती योजना दुरुस्त करून का होईना चालवून बघावी असं वाटत होतं, त्यांना ऐकायला ते गोड वाटलं नसणार. भाषण छापून निघालं, आजही मिळतं. चारच वर्षांनी, १९४३ च्या जानेवारीत, पुण्यातल्याच डेक्कन सभेनं रानडे जयंतीला पुन्हा त्यांनाच बोलावलं. तिथं त्यांनी गांधी आणि जिना दोघांनाही झोडपलं आणि वर्तमानपत्रांची नाराजी ओढवून घेतली. डेक्कन सभा तर रानड्यांनी काढलेली. बोलावणाऱ्यांना पाहुण्यांची मतं ठाऊक नव्हती असं थोडंच आहे?

दुसरं उदाहरण पैशाचं. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास, १९७१ चा, याच संस्थेतला. त्यामागे पैसा अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनचा. आज नुसतं एवढं कळलं तरी टीव्हीवर आठवडाभर पुरलं असतं. पण आत काय होतं? १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान गरज धरली, तर खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक तिच्याखाली निघतात. ना अमेरिकेच्या सोयीचं, ना दिल्लीच्या. आणि महत्त्वाचं म्हणजे आकडे सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे, कुणालाही उघडून बघता येण्यासारखे. मिन्हास, बर्धन वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळी त्याच पाहणीवर वेगळी उत्तरं काढून भांडत राहिली. आम्हाला एम.ए.ला ते भांडणच अभ्यासक्रमासारखं शिकवलं गेलं, आणि माझ्या मते त्या दोन वर्षांत शिकलेलं तेवढंच टिकलं.

उघड बाजू घेणाऱ्यांचंही सांगते. मुंबईत १९५६ पासून फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ आहे, ए. डी. श्रॉफ यांनी काढलेलं. नावातच भूमिका. कॉलेजांतून वक्तृत्व स्पर्धा घ्यायचे, पातळ पुस्तिका वाटायचे. कायदेपंडित नानी पालखीवालांच्या बजेटवरच्या भाषणांना तर शेवटी ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावं लागलं. देवळालीला लेस्ली सॉनी कार्यक्रमाची शिबिरं व्हायची, मिनू मसानींच्या पुढाकाराने. सत्तरच्या दशकात एका शिबिराला मी गेले होते. तेव्हा मी सेवादलातली, खादीची साडी, डोक्यात समाजवाद. मसानी खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्या 'स्वतंत्र' नावाच्या पक्षाचे, हे फाटकातून आत शिरतानाच ठाऊक, त्यामुळे कान टवकारूनच बसलेली. साखरेच्या लेव्हीवरून (कारखान्यांनी सरकारला ठरल्या भावाने सक्तीने द्यायची साखर) एका वक्त्याशी माझी चांगली जुंपली. त्यांनी मला बसवलं नाही, उलट रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा बोलायला उभं केलं. मी समाजवादीच घरी आले, पण परवाना पद्धतीबद्दलची माझी खात्री मात्र देवळालीलाच थोडी हलली.

आजही पाहा. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ पासून आहे, कुणाच्या नावाने आणि कुठल्या परंपरेतली (संघ-भाजपच्या) हे तिच्या उत्तनच्या केंद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानचंही तेच. तिथे जाऊन कुणी फसत नाही. कल असू दे की. तुमच्या पाहुण्यांनी तो घडी करून खिशात ठेवलाय, एवढंच मला खटकतं.

म्हणून त्यांना पत्र लिहून दोनच गोष्टी विचारा. गेल्या वर्षीचे मोठे देणगीदार कोण, आणि आमच्या बाजूने एक विरोधी वक्ता त्याच व्यासपीठावर, तेवढाच वेळ, चालेल का? उत्तर येण्याआधी किती दिवस जातात तेही बघा.

दिल्लीत_पोळीभाजी

निवृत्त_खडू मॅडमना नमस्कार, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. मी मूळची नगरची, दिल्लीत एका धोरण संशोधन संस्थेत काही वर्षं काढली. मास्तर, पैशाचं विचारायला पत्राची वाट कशाला बघता, थोडं तुम्हीच खणा.

आधी नोंदणी कशी आहे ते बघा. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे ना-नफा, कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर १०० रुपये भरून ताळेबंद आणि संचालकांची नावं दिसतात. संचालकांची नावं इतर कुठल्या कंपन्यांत आहेत तेही तिथेच कळतं, आणि सल्लागार मंडळाच्या फोटोंपेक्षा ती यादी फार बोलकी असते. न्यास असून नोंदणी महाराष्ट्रात असती तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब मागता आले असते. दिल्लीचा न्यास किंवा सोसायटी असेल तर मात्र अवघड. परदेशी देणग्यांचं पूर्वी सोपं होतं, संस्थांना तिमाही आकडे जाहीर करावे लागायचे. जुलै २०२२ मध्ये तो नियमच काढून टाकला. म्हणजे परदेशी पैशावर संशय वाढला आणि तो बघायची खिडकी लहान झाली, दोन्ही एकाच काळात.

मॅडम, तुमच्या 'कल असू दे' ला एक पुरवणी. आता कल लपवला जातो तो नेहमी लबाडीनेच असं नाही, भीतीनेही. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च ही १९७३ ची संस्था, दिल्लीतल्या जुन्या आणि नावाजलेल्यांपैकी. सप्टेंबर २०२२ ला प्राप्तिकर खात्याची पाहणी, फेब्रुवारी २०२३ ला परदेशी देणग्यांचा परवाना स्थगित, जानेवारी २०२४ ला रद्द. बहुतेक संशोधक पांगले. ते बघून बाकीच्यांनी काय धडा घेतला असेल? देशी देणगीदाराकडे गेलं तर तो म्हणतो शिक्षण घ्या, पोषण घ्या, पाणी घ्या, पण निवडणूक वगैरे नको बाई. खासगी विद्यापीठाच्या आवारात वेगळं असेल म्हणावं, तर २०२३ मध्ये अशोका विद्यापीठातल्या एका अर्थशास्त्रज्ञाने २०१९ च्या लोकसभा निकालांत गडबडीचा संशय घेणारा शोधनिबंध मांडला, विद्यापीठाने हात झटकले, त्यांनी राजीनामा दिला. निबंध बरोबर की चूक यावर अर्थशास्त्रज्ञांनी महिनाभर कडाकडा वाद घातला असता तर मजा आली असती. तो वाद बाजूला राहिला आणि चर्चा झाली ती नोकरीची.

पण कॅम्पसमधून निघालेलं सगळंच असं विझत नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये सुरू केली. उमेदवार आज मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र भरतात ते त्यांच्याच याचिकेवरच्या २००२ च्या निकालामुळे. पक्षांना नाव उघड न करता देणगी द्यायच्या निवडणूक रोख्यांच्या खटल्यातही तेच याचिकाकर्ते, फेब्रुवारी २०२४ ला रोखे रद्द झाले. त्यांची सगळी शपथपत्रं साइटवर मराठी माध्यमाचा मुलगाही वाचू शकेल अशा तक्त्यांत आहेत. तुमच्या तालुक्याच्या आमदाराचं काढून वर्गात लावा एकदा, प्राचार्यांचं 'राजकारण नको' तिथेच कसोटीला लागेल.

आणि हो, त्या पुस्तिकेत ६०,००० कोटींचा आकडा आहे का हो? असणारच.

तासिका_मास्तर

आहे! पान ७. "निवडणुकांवर होणारा देशाचा ६०,००० कोटींचा खर्च वाचेल." तुम्हाला कसं कळलं?

मॅडम, पत्र पाठवलंय. प्राचार्यांना दाखवलं नाही, फक्त 'वेळापत्रकाबाबत' असं सांगितलं.

दिल्लीत_पोळीभाजी

कारण तो सगळीकडे असतो. मूळ सेंटर फॉर मीडिया स्टडीजचा, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीबद्दलचा अंदाज, ५५ ते ६० हजार कोटी. अंदाज मांडणाऱ्यांनी त्याची फोडही दिली होती, ती पुस्तिकेपर्यंत पोचेस्तोवर गळून पडते. त्या फोडीत निवडणूक आयोगाचा आणि सरकारी खर्च साधारण १० ते १२ हजार कोटी. प्रचारावर २० ते २५ हजार कोटी. आणि थेट मतदारांच्या हातात गेलेले, म्हणजे आपल्या भाषेत आदल्या रात्रीचं वाटप, १२ ते १५ हजार कोटी.

आता 'देशाचा खर्च वाचेल' म्हणजे यातला कुठला? सरकारी खर्च एकत्र निवडणुकीने थोडा कमी होईल, मान्य, जरी मतदानयंत्रं जास्त लागतील. पण वाटप करणारा उमेदवार एकत्र निवडणूक आहे म्हणून निम्मंच पाकीट देईल, असं पुस्तिकेच्या लेखकाला खरंच वाटतं का? मुलांना हे विचारायला सांगा. तुमच्याकडची मुलं पाकिटाचा भाव माझ्यापेक्षा अचूक सांगतील.

संस्थेला मी लबाड म्हणत नाहीये. असे आकडे एका पुस्तिकेतून दुसऱ्या पुस्तिकेत जातात आणि मधे कुणी मूळ कागद उघडत नाही. विरोधी बाजूच्या पुस्तिकांतही असे दोन-चार हमखास सापडतात.

मोर्चेकरी

पाकिटाचा भाव विचारू नका हो वर्गात, पुढच्या वेळी पोरं तो घेऊनच येतील.

बरं, मॅडमच्या देवळालीवरून एक सांगतो. मी असल्या शिबिरांना कधी गेलो नाही, आमच्यात ते पाप. आता वाचून वाटलं की जाऊन भांडायला पाहिजे होतं. पण तेव्हा भांडून परत आल्यावर बोलायला माझ्याकडे संघटना होती, दर गुरुवारची बैठक होती. मास्तरांच्या ८० पोरांकडे काय आहे? पाहुणे गेल्यावर ते कुणाशी बोलणार?

तासिका_मास्तर

उत्तर आलं. पाच दिवसांनी.

देणगीदारांबद्दल: "आम्हाला समविचारी व्यक्ती व उद्योगसमूहांच्या सामाजिक दायित्व निधीतून सहाय्य मिळते." नावं नाहीत. विरोधी वक्त्याबद्दल: "कार्यशाळेचे स्वरूप प्रशिक्षणाचे असल्याने वादविवाद अपेक्षित नाही; तथापि दुसऱ्या दिवशी शेवटचे ४५ मिनिटांचे सत्र महाविद्यालयाने हवे तसे घ्यावे." ही 'तथापि' त्यांच्या पुण्याच्या समन्वयकाने घातलीय. तरुण मुलगा आहे, फोनवर म्हणाला, "सर, मलाही जरा प्रश्न आवडतात."

आता अडचण अशी की विरोधी वक्ता आणायचा कुठून? जाण्यायेण्याचं भाडं द्यायला मंडळाकडे पैसे नाहीत. आणि मोर्चेकरींच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

निवृत्त_खडू

वक्ता नकोच. मुलंच उभी करा.

एकत्र निवडणुकांवर सरकारने नेमलेल्या कोविंद समितीचा अहवाल १४ मार्च २०२४ चा, १८,६२६ पानांचा, समितीच्या साइटवर आहे. घाबरू नका, मुख्य अहवाल त्या मानाने छोटा, बाकी परिशिष्टं. समितीकडे ४७ पक्षांनी मतं कळवली, ३२ बाजूने, १५ विरुद्ध. विरोधात काँग्रेस, बसप, आप आणि माकप हे राष्ट्रीय पक्ष. त्यांची म्हणणी तिथे आहेत. म्हणजे विरोधी वक्ता सरकारी अहवालातच बसलाय आणि भाडंही मागत नाही. प्राचार्यांना दाखवा, सरकारी कागद म्हटल्यावर त्यांना राजकारण दिसणार नाही.

वीस-पंचवीस मुलं घ्या, दोन गट करा. ज्यांचं घर एका पक्षाचं आहे त्यांना मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसवा, गावात ते सगळ्यांना माहीतच असतं. एका गटाने ३२ मधल्या तिघांचं म्हणणं मांडायचं, दुसऱ्याने १५ मधल्या तिघांचं, आणि विधानसभा मुदतीआधी पडली तर उरलेल्या काळाचं काय, हा एकच मुद्दा दोघांनीही घ्यायचा. १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात, डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या, मध्यावधी निवडणूक फक्त उरलेल्या मुदतीपुरती धरली आहे. ४५ मिनिटांना एवढं भरपूर. पान ७ शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा. द्वितीय वर्षाच्या त्या मुलीला अध्यक्ष करा.

मोर्चेकरी, गुरुवारची बैठक परत सुरू करायला तुम्हाला कुणी अडवलंय? साताऱ्यापासून लांब राहता का?

मोर्चेकरी

कराडला असतो मॅडम. मास्तर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, नंबर द्या. पण बॅनर आमचा लागेल आणि त्यावर नाव असेल, आधीच सांगतो.

तासिका_मास्तर

नाव लागू दे, झेंडा तेवढा लहान ठेवा. गुरुवारी तीन ते पाच वर्ग क्र. ९ रिकामा असतो.